बिनटिचकीची वाक्यं

शर्वरी गावंडेच्या उजव्या कानामागे पहिली टिचकी पडली ती 'बसल्या बसल्या पाय हलवू नयेत' या वाक्याला. अकोल्याच्या दवाखान्यात तपासणीच्या खुर्चीवर ती बसली होती आणि सवयीप्रमाणे तिचा डावा पाय हलत होता. वाक्य मनात उमटलं आणि लगेच कानामागच्या हाडावर कुणी नखानं हलकेच मारावं तसं झालं. तिनं पाय थांबवला आणि ओंजळीत तोंड लपवून ती ढसाढसा रडली.

पाय हलवण्यावरून कुणी रडत नाही, हे खरं. पण गेली पाच-सहा वर्षं मनात आलेलं वाक्य आपलं की परक्याचं, हेच शर्वरीला कळत नव्हतं. तुम्हाआम्हाला ते कळतं, पण कळतं याची जाणीवही नसते. त्या बाबतीत आपण सगळे जन्मजात श्रीमंत, आणि श्रीमंतांसारखेच बेफिकीर.

तिच्या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. त्यात माणसाला आवाज ऐकू येतात एवढंच लोकांना माहीत असतं. आवाज फार पुढचे. शर्वरीची सुरुवात झाली कांदा चिरताना. तिची मुलगी मिहिका, म्हणजे मिहू, तेव्हा नुकती रांगायला लागली होती. हात कांदा चिरतोय आणि आपण बाजूला उभ्या राहून बघतोय, असं तिला वाटलं. मग विचारांचंही तसंच व्हायला लागलं. 'दूध उतू जाईल' असं मनात यायचं, पण भिंतीपलीकडून कुणी सांगितल्यासारखं. पुढे सांगणाऱ्यांना चेहरे आले: वरच्या मजल्यावरचे काळमेघ काका, कॉलेजातली एक मैत्रीण, वारलेला मामा. आरशातली बाई आपल्या आधी हलते असं वाटू लागलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मिहूला कडेवर घेतलं की माया दाटून यायची, पण ती कुणाची आहे हे समजायचं नाही. शेजाऱ्यांचं सामान घरात ठेवून घ्यावं तशी ती माया शर्वरी सांभाळत राहिली.

मिहू तीन वर्षांची असताना, मे महिन्यात, अकोल्याचं ऊन माणसाला भाजून काढत असताना, शर्वरीनं पोरीला घेऊन गच्चीवरच्या खोलीला आतून कडी लावली. मिहूला पळवून तिच्या जागी हुबेहूब दुसरी मुलगी ठेवणार आहेत, असं 'ते' म्हणत होते. तिच्या नवऱ्यानं, सारंगनं, दार फोडलं तेव्हा पोर निपचित पडली होती. ती वाचली. पण त्यानंतर शर्वरीच्या मनावर कुणी विश्वास टाकला नाही, खुद्द शर्वरीनंही नाही. ती मिहूला घेऊन आईकडे राहायला आली. सारंगची बदली नागपूरला झाली, तो येत-जात राहिला आणि मग येणं कमी झालं. औषधांनी आवाज दबले, पण त्यांच्याबरोबर माणूसही दबलं.

अशा वेळी ते यंत्र आलं.

"मॅडम, स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून बघा," डॉ. काझींनी शर्वरीच्या आईला सांगितलं. आई, ज्योत्स्ना मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. डॉ. काझी पन्नाशीच्या, मनोविकारांच्या डॉक्टर, आणि प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची त्यांना हौसच होती.

"या वयात?" आई म्हणाली.

"बघा तर. होणार नाहीत. कारण बोटांना हुकूम निघतो तेव्हाच मेंदू त्या हुकुमाची एक नक्कल आपल्याच स्पर्श ओळखणाऱ्या भागाला पाठवतो. घाबरू नको, हे आपलंच आहे, म्हणून. मनातल्या बोलण्याचंही तसंच असतं. आपण मनात बोलतो तेव्हासुद्धा मेंदू जीभ आणि गळा हलवायची थोडी तयारी करतो, आणि त्या तयारीची नक्कल ऐकणाऱ्या भागाकडे जाते. शर्वरीच्या डोक्यात ती पोचत नाही, किंवा उशिरा पोचते. मग तिचंच वाक्य बेवारस होऊन येतं. माणसाच्या मनाला बेवारस वाक्य सहन होत नाही. मन ते कुणाच्या तरी नावावर टाकतंच."

"मग यंत्र काय करणार?"

"कवटीच्या आत एक पातळ पट्टी बसते. ती त्या तयारीवर कान ठेवते. वाक्य शर्वरीनं स्वतः जुळवलं असेल तर कानामागे एक टिचकी. वाक्य काय आहे ते यंत्राला कळत नाही. कुणाचं आहे, एवढंच कळतं."

यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. रुग्णांनी त्याला टिचकीच म्हणायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनीही ते नाव उचललं.

मात्र यंत्राला आधी शिकवावं लागायचं. हे बोलणं या माणसाचं, असा नमुना द्यावा लागायचा. त्यासाठी पुण्याहून ऋत्विक नावाचा तंत्रज्ञ आला होता. "मॅडम, लहानपणापासून तोंडपाठ असलेलं काहीतरी मनात म्हणा," तो शर्वरीला म्हणाला. "कविता, श्लोक, काहीही. फक्त अडखळायला नको."

शर्वरीनं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पाढे! तिसापर्यंत पाठ आहेत तिचे."

ते खरंच होतं. शर्वरी शाळेत होती त्या काळात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायचं खूळ आलं होतं. ज्योत्स्ना मॅडमनी ते घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रोज जेवणं झाली की आई ओटा पुसता पुसता विचारायची, "सात नवे?" आणि शर्वरीनं उत्तर फेकायचं, "त्रेसष्ट!" अर्धा पाढा आईचा, अर्धा लेकीचा. तपासणीच्या खुर्चीजवळ उभ्या असलेल्या आईच्या तोंडून जुन्या सवयीनं निघूनच गेलं, "हं, सात एके?" शर्वरीनं डोळे मिटले आणि पुढचं सगळं मनात म्हटलं. पडद्यावर रेषा सुरेख उठल्या.

"एक नंबर नमुना आलाय," ऋत्विक म्हणाला. आईनं त्याला बॅगेतली शंकरपाळी दिली.

पुढचं वर्ष सगळ्यांना चांगलं वाटलं. डॉ. काझींनी शर्वरीला साधा नियम घालून दिला होता. टिचकी पडली ते वाक्य आपलं, त्यावर खुशाल वागायचं. टिचकी पडली नाही ते आजाराचं. त्याच्याशी भांडायचं नाही, घाबरायचं नाही. रस्त्यावरून भोंगा वाजवत जाणाऱ्या गाडीसारखं त्याला जाऊ द्यायचं. शर्वरीनं तो नियम जीव मुठीत धरून पाळला. काळमेघ काकांना टिचकी नव्हती, मामाला नव्हती, मैत्रिणीला नव्हती. कुणी लक्ष देईना, तसे ते एकेक करून गप्प झाले.

टिचकी पडायची ती वाक्यं शहाणी असायची. लवकर उठावं. चादरीची चारही टोकं जुळवून घडी करावी. कारल्याच्या भाजीत गूळ घालावा. शर्वरीला पूर्वी गोड भाजी घशाखाली उतरत नसे. पण टिचकी पडली, तेव्हा आपल्याला गूळ आवडत असणार, असं तिनं मानलं आणि घातला. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेतली जुनी नोकरी तिला पुन्हा मिळाली. ओल्या कागदात बिया ठेवायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं, असं ते काम. ती वेळेवर जायची आणि वेळेवर यायची.

"माही शर्वरी मले वापस भेटली," आई शेजारणीला सांगायची आणि डोळे पुसायची.

बिनटिचकीची वाक्यंही येतच होती, पण ती बारीक, घाईतली, अर्धवट असत. 'नको.' 'ही साडी मला म्हातारी करते.' 'सारंगला फोन कर.' आणि एक वाक्य रोज, कधी दोनदा, कधी दहादा: 'मिहूला सोडू नको.' त्या वाक्याला टिचकी कधीच पडली नाही. शर्वरीला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची. गच्चीवरच्या खोलीत ती कडी लावून बसली तेव्हाही असंच काहीतरी ऐकू येत होतं. ते वाक्य आलं की ती उठून पाणी प्यायची.

त्याच वर्षी सारंगनं वेगळं होण्याचा विषय काढला. भांडण असं नव्हतं. तो थकला होता आणि तसं त्यानं सांगितलं. मिहूच्या बाबतीत तो म्हणाला, "तू म्हणशील तसं. आता तू बरी आहेस." कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनीही शर्वरीला समोर बसवून तेच विचारलं. "बाकीचं सोडा. तुमची स्वतःची इच्छा काय आहे?"

शर्वरीनं शिकवल्याप्रमाणे आत लक्ष दिलं. आधी तेच वाक्य आलं, रडवेलं, धापा टाकत. 'मिहूला सोडू नको.' टिचकी नाही. तिनं ते जाऊ दिलं. मग दुसरं आलं, स्वच्छ आणि ठाम. 'तुझ्यानं होणार नाही. पोरीचे हाल करू नको.' कानामागे टिचकी पडली.

"माझ्यानं होणार नाही," शर्वरी म्हणाली. "तिचे हाल नकोत. तिला बाबाकडे राहू दे."

सारंगनं चमकून तिच्याकडे पाहिलं. त्यानं दुसऱ्या उत्तराची तयारी करून ठेवली होती, असं नंतर त्यानंच कबूल केलं. बाहेर बाकावर मिहू आत्याजवळ बसून चिक्की खात होती. निघताना तिनं शर्वरीची ओढणी मुठीत घट्ट धरली. 'शहाण्या मुली रडत नाहीत,' शर्वरीच्या मनात आलं, टिचकी पडली, आणि तिनं ते मोठ्यानं म्हटलं. मिहू रडली नाही. शर्वरीनं तिचं एकेक बोट सोडवून ओढणी काढून घेतली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एके दुपारी शर्वरी प्रयोगशाळेत तुरीचे कोंब मोजत होती. ट्रेमध्ये बिया ओळीनं मांडलेल्या होत्या, एका ओळीत नऊ, अशा सात ओळी. एकही बी वाया गेली नव्हती. तिनं मनात पाढा म्हटला. 'सात नवे.' टिचकी. 'त्रेसष्ट.'

काहीच नाही.

तिला वाटलं, यंत्र चुकलं. तिनं पुन्हा म्हटलं. 'सात आठे', टिचकी. 'छप्पन्न', काही नाही. 'बारा पंचे', टिचकी. 'साठ', काही नाही. ती हातात चिमटा घेऊन तशीच उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यातल्या पाढ्याकडे नीट कान देऊन ऐकलं. 'सात आठे' म्हणणारा आवाज नाकात होता, ठाशीव होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. तो ज्योत्स्ना मॅडमचा आवाज होता. 'छप्पन्न' म्हणणारा आवाज एका लहान मुलीचा होता, लवकर सुटून खेळायला जायची घाई झालेल्या मुलीचा. तोच आवाज वर्षभर तिला म्हणत होता, मिहूला सोडू नको.

तिनं चिमटा खाली ठेवला आणि डॉ. काझींना फोन लावला.

डॉ. काझींनी यंत्रातली वर्षभराची माहिती उतरवून घेतली, पुण्याला फोन केले, पुन्हा पुन्हा रेषा पाहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा आवाज आपण मनात ऐकतो तेव्हा मेंदूची तयारी वेगळी असते. जीभ-गळ्याची कमी आणि कानाची जास्त. इतर रुग्णांना आम्ही आकडे मोजायला लावले होते. इथं पाढे घेतले, आणि तुमच्या डोक्यातल्या पाढ्यात दोघीजणी बोलतात, हे कुणी विचारलंच नाही. आईचा आवाज ठळक होता. यंत्रानं त्याचीच ठेवण शिकून घेतली."

"म्हणजे वर्षभर मी आई होते?"

"आईचं तुमच्या मनात साठलेलं बोलणं तुम्हाला तुमचं वाटत होतं."

"आणि माझं?"

"ते होतंच," डॉक्टर म्हणाल्या. "मीच तुम्हाला सांगितलं होतं, त्याकडे लक्ष देऊ नका म्हणून."

घरी आई पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलून हिरवे सोले काढत होती. शर्वरीनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क समाधान दिसलं.

"म्हणजे वर्षभर तू माहं ऐकत होती?"

"कोर्टातसुद्धा, आई. 'तुझ्यानं होणार नाही, पोरीचे हाल करू नको.' हे तू म्हणाली होतीस. मिहूला सलाईन लावलं होतं तेव्हा, दवाखान्याच्या व्हरांड्यात."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. समाधान कुठल्या कुठे गेलं. "म्हटलं असन," ती म्हणाली. "पोरगी मरता मरता वाचली होती. भेव वाटलं होतं मले."

"मी ते माझं समजले."

"अवं, पण मायचं बोलणं काय असं ऐकायसाठी असते? माय बोलते, पोरगी झटकते. मी म्हटलं इंजिनिअरिंगले जा, तू गेली का? मी म्हटलं सारंगशी लग्न नको करू, तू केलंच नं? तू जन्मात कधी माहं ऐकलं नाही. म्हणून तं मी बोलत गेली." आई रडायला लागली. "तू ऐकशीन हे माहीत असतं तं मी तोंड शिवून बसली असती."

शर्वरीला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती. यातलं आपलं कोणतं, हे विचारायला तिच्याजवळ भरवशाचं कुणी नव्हतं.

"आता काय?" आईनं विचारलं.

"यंत्र बंद करायचं. काही आठवडे दवाखान्यात राहायचं. मग पुन्हा शिकवायचं."

"आणि ते आवाज? ते नाही येणार वापस?"

"येतील."

"मंग नको बंद करू बापा. चाललं आहे तसं चालू दे. नोकरी आहे, झोप लागते. लोक काय मायसारखे नसतात का?"

"चालू ठेवलं तर मी तूच होऊन बसेन, आई. घरात एक तू पुरे आहेस."

आईला त्यातही हसू आलं. मग तिनं सोल्यांचं ताट बाजूला सरकवलं आणि लेकीचा हलणारा पाय, लहानपणी धरायची तसा, घट्ट धरून ठेवला.

यंत्र बंद झालं आणि सगळे परत आले. मामा आला, मैत्रीण आली, काळमेघ काका तर जणू जिन्यातच वाट बघत उभे होते. शर्वरीला वाक्यांचे चेहरे दिसू लागले. हात पुन्हा तिच्यापासून दूर गेले. नर्स भरवायची तेव्हा घास कुणाच्या तोंडात जातोय हे तिला उमगायचं नाही. एकदा तिनं आईला ओळखलं नाही आणि एकदा आईलाच स्वतः समजून तिची माफी मागितली. त्या गर्दीत 'मिहूला सोडू नको' म्हणणारा बारीक आवाज शोधायचा ती प्रयत्न करत असे. कधी तो सापडायचा, आणि मग तोही मामाच्या तोंडून यायचा. त्या आठवड्यांबद्दल ती पुढे कधीच फार बोलली नाही.

दुसऱ्यांदा नमुना घ्यायची वेळ आली तेव्हा डॉ. काझींनी ऋत्विकला आणि आईला, दोघांनाही खोलीबाहेर बसवलं.

"तोंडपाठ काही नको," त्या म्हणाल्या. "या खोलीतलं तुम्हाला काय काय आवडत नाही, ते मनात सांगा. ते कुणी शिकवत नाही."

शर्वरीनं खोलीभर नजर फिरवली. मग तिच्या मनात एक वाक्य हललं. खिडकीच्या पडद्याचा रंग आजारी आहे. थांबून दुसरं. टेबलावरचं प्लास्टिकचं फूल धूळ खातंय. मग ओघच लागला. बाहेर बसलेला तो पुण्याचा पोरगा. तुमचं सारखं समजावून सांगणं. हे पांघरूण. कारल्यातला गूळ, देवा, कारल्यातला गूळ. रेषा वेड्यावाकड्या उठत होत्या आणि डॉ. काझी पहिल्यांदाच काही न समजावता नुसत्या पाहत होत्या.

यंत्र सुरू झालं. शर्वरीनं डोळे मिटले. 'मिहूला सोडू नको.' कानामागे टिचकी पडली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की बाहेर आई उठून उभी राहिली. ते वाक्य तिचं होतं. पहिल्या दिवसापासून तिचंच होतं. आजार नव्हता, तिची माया होती, आणि तिनं वर्षभर त्या मायेला घोटभर पाणी पिऊन परतवून लावलं होतं.

मग खात्री करून घ्यायला तिनं दुसरं वाक्य मनात आणलं. ते आता परकं ठरणार होतं. ते आईचं म्हणून बाजूला काढायचं, सारंगला सगळं समजावायचं आणि मिहूला आणायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. 'तुझ्यानं होणार नाही. पोरीचे हाल करू नको.'

टिचकी पडली.

तिनं डोळे उघडले. "डॉक्टर, हे पुन्हा चुकलंय."

डॉ. काझींनी सगळं तपासलं. तोच दोघींचा पाढा मनात म्हणायला लावला. त्यातल्या 'सात नवे'ला आता काही झालं नाही आणि 'त्रेसष्ट'ला टिचकी पडली. यंत्र बरोबर होतं. तरी त्या एका वाक्याला टिचकी पडतच राहिली.

"ते आता आईच्या आवाजात येतंय का?" त्यांनी विचारलं.

शर्वरीनं कान दिला. "नाही," ती म्हणाली. "माझ्याच."

"वर्षभर तुम्ही ते स्वतःचं म्हणून वागवलंत. त्यावर निर्णय घेतलात. मेंदू सवयीनं शिकतो. आता ते तो स्वतःच जुळवतो." डॉक्टर तिच्याजवळ येऊन बसल्या. "खरं सांगायचं तर सगळ्यांचं असंच असतं. आपल्या डोक्यातली निम्मी वाक्यं कुणाची तरी असतात आणि वापरून वापरून आपली होतात. तुमचं फक्त एका वर्षात झालं आणि आमच्या चुकीमुळे झालं. मी काही करू शकले असते तर..."

"मग मी कुठलं ऐकू?"

"वाक्य कुणाचं, ते यंत्र सांगेल," डॉ. काझी म्हणाल्या. "पुढचं त्याला कळत नाही. मलाही कळत नाही."

शर्वरीनं सारंगला फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला हे सगळं समजलं असं नाही म्हणत. पण तू ये. मिहूला भेट. ती मोठी झाली आहे, तिच्याशीच बोल."

बसनं ती नागपूरला गेली. वाटेत दोन्ही वाक्यं आळीपाळीनं येत होती आणि दोन्हींनाही टिचकी पडत होती. सारंगच्या घराच्या पायरीवर मिहू बसली होती आणि स्केट्सचे पट्टे आवळत होती. पुढचे दोन दात पडले होते, केस आत्यानं बारीक कापले होते. सारंग दारात आला. "ये नं, आत बस," तो म्हणाला, पण मिहूकडे पाहून स्वतःच आत गेला. शर्वरी मिहूपासून थोडं अंतर ठेवून पायरीवर बसली. जवळ घ्यावंसं वाटत होतं. पण पोरीचं अंग आखडलेलं दिसत होतं, म्हणून तिनं घेतलं नाही.

मिहूनं वर न बघता विचारलं, "बाबा म्हणतात, मी नको असं जी म्हणाली, ती तू नव्हतीच. तो तुझा आजार होता. खरंय?"

सारंगनं पोरीला हे सांगितलं होतं. त्याला वाकड्यात शिरता आलं असतं, पण तो शिरला नव्हता. शर्वरीला त्या क्षणी त्याच्याबद्दल जितकं प्रेम वाटलं तितकं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. आणि होय म्हणणं अगदी सोपं होतं. ते निम्मं खरंही होतं. डॉ. काझींनी येऊन साक्षसुद्धा दिली असती. मिहूचा हात पट्ट्यावर थांबला होता, आणि तिला होय हेच उत्तर हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

पण 'ती मी नव्हते, दुसरंच कुणीतरी होतं,' हेच तर शर्वरीचं दुखणं होतं. त्या एका वाक्याच्या मागे मागे जात ती एकदा गच्चीवरच्या खोलीपर्यंत पोचली होती, आणि बरोबर मिहू होती.

"नाही बेटा," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते."

मिहूनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण तिनं ते सांडू दिले नाहीत. तसं करायला तिला कुणी शिकवलं होतं, हे शर्वरीला चांगलं आठवत होतं आणि ते तिला सहन झालं नाही.

"आणि आता?" मिहूनं विचारलं.

"आता दोन्ही म्हणते. तुला घेऊन जावंसं वाटतं. खूप वाटतं. आणि माझ्यानं होणार नाही असंही वाटतं."

"दोन्ही कसं म्हणता येतं?"

"येतं," शर्वरी म्हणाली. "माणूस बरं झालं की येतं."

मिहूनं त्यावर विचार केला. खालचा ओठ दातांच्या फटीत धरून, भुवया जुळवून, बराच वेळ केला. मग तिनं राहिलेला पट्टा आवळला आणि खांबाला धरून उभी राहिली.

"मग मी इथंच राहते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू ये पाहिजे तर."

आणि दोन्ही हात पसरून, डुगडुगत, ती फाटकातून गल्लीत गेली. शर्वरी पायरीवर बसून राहिली. हे वाक्य मिहूला कुणी पढवलेलं नव्हतं. एवढं ओळखायला तिला यंत्र लागलं नाही.